ताप आला, पण कोणत्या दिवशी?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे बायपास शस्त्रक्रियेविषयी बरीच पत्रे आली. पत्रे निरनिराळ्या घरांतली असली, तरी त्यांतील काळजी एकाच जातीची आहे. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली असे सांगितले जाते, आणि तरीही पेशंटला ताप येतो, अंगावर सूज चढते, रक्ताचे अहवाल बिघडलेले दिसतात. याचा अर्थ काय, हे घरच्यांना कोणी सवडीने समजावून सांगत नाही. मी २६ वर्षे हृदयशस्त्रक्रियेच्या दालनात भूलतज्ज्ञ म्हणून काम केले आहे आणि आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या माणसांचे चेहरे मला पाठ आहेत. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच सोयीसाठी दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे यजमान ६२ वर्षांचे आहेत. त्यांची बायपास नाशिकमध्येच झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना १००.८ ताप होता, पांढऱ्या पेशी १६,००० झाल्या होत्या आणि चेहरा इतका सुजला होता, की मुलगी काचेतून पाहून रडू लागली. डॉक्टर एवढेच म्हणाले, ‘पंपाची रिअॅक्शन आहे, उतरेल.’ चार-पाच दिवसांत सगळे उतरलेही. तरी माझ्या मनातून जात नाही. शस्त्रक्रियेत काही चूक झाली होती का? जंतुसंसर्ग झाला होता आणि आमच्यापासून लपवला गेला का? (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : आपण जे वर्णन केले आहे त्यावरून चूक झाल्याचे किंवा काही लपवल्याचे मला दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलेले वाक्य खरे होते. ते अपुरे होते, इतकेच. ते पुरे करण्याचा प्रयत्न करतो. उत्तर लांबेल, पण पुढच्या सगळ्या प्रश्नांचा पाया यातच आहे.

आपल्या रक्ताला जन्मापासून एकच घर माहीत असते, ते म्हणजे रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर. हे अस्तर एका पेशीच्या जाडीचे, अतिशय गुळगुळीत आणि जिवंत असते. रक्त गोठू नये आणि पांढऱ्या पेशी विनाकारण भडकू नयेत, यासाठी ते सतत रसायने सोडत असते. रक्त या अस्तराच्या बाहेर पडले, याचा शरीराच्या दृष्टीने लाखो वर्षे एकच अर्थ राहिलेला आहे: जखम झाली. हार्ट-लंग मशीनवर शस्त्रक्रिया करताना हृदय थांबवलेले असते आणि रक्त प्लॅस्टिकच्या नळ्यांतून, पंपातून व ऑक्सिजन मिसळणाऱ्या कृत्रिम पडद्यांतून फिरवून परत महाधमनीत सोडले जाते. साधारण ६५ किलो वजनाच्या माणसात साडेचार लिटरच्या आसपास रक्त असते आणि यंत्र मिनिटाला चार ते पाच लिटर रक्त फिरवते. म्हणजे शरीरातले जवळजवळ सगळे रक्त दर मिनिटाला एकदा त्या परक्या पृष्ठभागावरून जाते. यंत्र दीड तास चालले, तर हा फेरा ८० ते ९० वेळा होतो. जखम बोटाला झाली तर त्या बोटाला सूज येते. इथे मात्र सगळ्या रक्तालाच जखम झाल्याचा निरोप मिळालेला असतो, आणि म्हणून प्रतिसादही सर्वांगाने दिला जातो.

तो प्रतिसाद कसा उभा राहतो, तेही पाहण्यासारखे आहे. रक्तात गोठण्याच्या क्रियेतील बारावा घटक म्हणून ओळखले जाणारे एक प्रथिन असते. परका पृष्ठभाग लागताच ते जागे होते आणि त्यातून ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य तयार होते, जे सूक्ष्म रक्तवाहिन्या सैल व पाझरत्या करते. त्याच वेळी कॉम्प्लिमेंट या नावाने ओळखली जाणारी प्रथिनांची साखळी सुरू होते. जंतूंना भोके पाडणे आणि पांढऱ्या पेशींना बोलावणे हे तिचे नेहमीचे काम; जंतू नसतानाही ती ते काम सुरू करते. या साखळीचे दोन तुकडे, सी ३ ए आणि सी ५ ए, यंत्रावरच्या पेशंटमध्ये तयार होतात हे १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथील शल्यविशारद जॉन कर्कलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सी ३ ए ची वाढ आणि शस्त्रक्रियेनंतर फुप्फुस, मूत्रपिंड व हृदयाला होणारा त्रास यांचा संबंध मांडला. हार्ट-लंग मशीन वापरून पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात ६ मे १९५३ रोजी केली होती, म्हणजे यंत्र शरीराला नेमके काय करते, याचे रासायनिक उत्तर मिळायला त्यानंतर जवळपास तीन दशके गेली.

यंत्रावर जाण्यापूर्वी आम्ही रक्त गोठू नये म्हणून वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३०० ते ४०० युनिट हेपारिन देतो. पुष्कळांचा समज असतो, की एवढे हेपारिन दिल्यावर रक्त शांत राहत असेल. हेपारिन गुठळी होऊ देत नाही, हे खरे; वर सांगितलेला सर्वांगाचा प्रतिसाद, म्हणजेच दाह, मात्र ते थांबवू शकत नाही. उलट शेवटी हेपारिनचा परिणाम काढण्यासाठी जे प्रोटामिन द्यावे लागते, त्याच्या आणि हेपारिनच्या संयोगातून कॉम्प्लिमेंटची साखळी पुन्हा एकदा पेटते.

याच्या जोडीला आणखी काही आघात असतात. हृदय थांबवताना महाधमनीवर लावलेला चिमटा काढला, की तास-दीड तास रक्तावाचून राहिलेल्या हृदयाच्या स्नायूत रक्त परत येते आणि त्या परत येण्यातूनच ऑक्सिजनचे आक्रमक कण तयार होतात. छातीत साठलेले रक्त शोषून यंत्रात परत घेतले जाते. त्यात चरबीचे थेंब आणि फुटलेल्या तांबड्या पेशी असतात, आणि ते रक्त फार भडकलेले असते. यंत्रावर असताना आतड्यांचा रक्तपुरवठा थोडा कमी पडला, तर आतड्यातील जंतूंच्या आवरणाचे विष रक्तात झिरपू शकते. या सगळ्यांतून पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन ६ आणि त्यासारखे निरोपे सोडतात. ते मेंदूतील तापमानाच्या केंद्रापर्यंत पोचले की ताप येतो, हाडांच्या मगजापर्यंत पोचले की पांढऱ्या पेशी वाढतात, आणि यकृतापर्यंत पोचले की सीआरपी नावाचे प्रथिन वाढते. म्हणून केवळ दुसऱ्या दिवशीचा १००.८ ताप आणि १६,००० पेशी यांवरून जंतुसंसर्ग ठरवता येत नाही.

सूज येते तीही याच कारणाने. यंत्राच्या नळ्या आधी एक ते दीड लिटर द्रवाने भराव्या लागतात, तो द्रव रक्तात मिसळतो, रक्त पातळ होते आणि पाझरत्या झालेल्या सूक्ष्म वाहिन्यांतून पाणी बाहेर उतरते. पापण्या, ओठ, हात फुगतात. फुप्फुसेही आतून जराशी ओली होतात, म्हणून ऑक्सिजन काही दिवस लागतो आणि म्हणूनच श्वासाच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे ते उपकरण दर तासाला ओढायला सांगतात. मी शिकत होतो त्या काळात सूज आजच्याहून पुष्कळ जास्त असे. आता यंत्रे आटोपशीर झाली आहेत, नळ्यांना हेपारिनचा किंवा तत्सम लेप असतो, जादा पाणी गाळून काढता येते. तरीही काचेपलीकडून आपल्या माणसाचा चेहरा ओळखू न येणे ही मुलीसाठी भयंकर गोष्ट असते, आणि त्याची पूर्वकल्पना घरच्यांना आदल्या दिवशीच द्यायला हवी, असे माझे ठाम मत आहे. त्याला दोन मिनिटे लागतात.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. या दाहाला स्वतःचे वेळापत्रक असते आणि ते ओळखीचे आहे. इंटरल्यूकिन ६ शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच शिखरावर जाते. सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर असते आणि मग उतरू लागते. ताप बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांचा असतो. गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतात. पाणी कमरेला लागले की छातीला, हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते चढते आहे की ओसरते आहे, हेही महत्त्वाचे असते. सीआरपी आणि पांढऱ्या पेशींचे तसेच आहे. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा सलग तीन दिवसांचे आकडे अधिक बोलतात. आपल्या यजमानांचे पाणी चार-पाच दिवसांत ओसरले. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर ताप नव्याने चढला असता, किंवा उतरलेली सीआरपी पुन्हा वाढू लागली असती, तर जखम, छाती, लघवी आणि मानेतली सुई ही सगळी ठिकाणे तपासून जंतूंचा शोध घ्यावा लागला असता.

प्रश्न : वडिलांच्या बायपासनंतर तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अचानक १४० च्या वर आणि अनियमित झाले. बायपास झाल्यावरही हृदय बिघडले, म्हणजे शस्त्रक्रिया फसली का? (सिन्नर)

उत्तर : नाही. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात आणि बायपासनंतर तीन-चार पेशंटपैकी साधारण एकाला ते होते, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. वरच्या उत्तरात सांगितलेला दाह याच दिवसांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांत व भोवतालच्या आवरणात मुरलेला असतो, हे त्याचे एक कारण. वाढलेले वय, पोटॅशियम कमी होणे आणि ठोके मंद ठेवणारी नेहमीची बीटा ब्लॉकर गोळी बंद पडणे हीही कारणे असतात. औषधांनी ते बहुतेकांत आटोक्यात येते. नवीन लावलेल्या रक्तवाहिन्या बंद पडल्याचे ते लक्षण नव्हे. मात्र ते टिकून राहिले, तर मेंदूकडे गुठळी जाऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध काही काळ लागते. डिस्चार्ज कार्डावर ते लिहिले असेल, तर स्वतःच्या मनाने बंद करू नये.

प्रश्न : मी सातपूरच्या कारखान्यात काम करतो. माझ्या तीन रक्तवाहिन्यांत अडथळे आहेत. सर्जन म्हणतात, चालत्या हृदयावर, मशीन न लावता करू. दुसऱ्या डॉक्टरांनी मशीनवरच करा असे सुचवले. मशीनची रिअॅक्शन टाळायची असेल, तर मी चालत्या हृदयाचाच आग्रह धरावा का? (सातपूर)

उत्तर : तर्क आपला बरोबर आहे, आणि एके काळी आम्हा सगळ्यांना तो पटला होता. यंत्रच नको म्हटले की त्याचा दाहही नको. भारतात चालत्या हृदयावरच्या बायपास फार मोठ्या प्रमाणावर होतात आणि आपल्याकडच्या अनेक शल्यविशारदांचा त्यात हातखंडा आहे. रक्तातील दाहाची द्रव्ये या पद्धतीत खरोखरच कमी वाढतात. पण ती शून्यावर राहत नाहीत, कारण छातीचे हाड उभे चिरणे, पायातली शीर काढणे, हृदय उचलून धरणे, भूल देणे या सगळ्यांना शरीर प्रतिसाद देतेच.

आणि द्रव्ये कमी वाढली म्हणून माणसे अधिक जगली का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मोठ्या चाचण्या झाल्या. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २,२०३ पेशंटवर झालेली रूबी नावाची चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. १९ देशांतील ४,७५२ पेशंटवर झालेली कोरोनरी नावाची चाचणी २०१२ मध्ये आली. कोरोनरी चाचणीत पहिल्या ३० दिवसांत यंत्राविना केलेल्यांना रक्त कमी द्यावे लागले, मूत्रपिंडाचा आणि श्वसनाचा त्रासही कमी झाला. मात्र पुन्हा लवकर अडथळा काढावा लागणाऱ्यांची संख्या, लहान असली तरी, त्यांच्यात जास्त होती. पाच वर्षांनी पाहता दोन्ही गटांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांत फरक उरला नव्हता. रूबी चाचणीत तर पाच वर्षांनी यंत्रावर केलेल्यांचेच जगण्याचे प्रमाण अधिक निघाले. याचे एक संभाव्य कारण असे, की हलत्या हृदयावर टाके घालणे अवघड असते, आणि सराव कमी असेल तर जोडणी कमी प्रतीची होते किंवा जोड कमी लावले जातात. चार दिवसांचा दाह वाचवण्यासाठी वीस वर्षे टिकायच्या जोडणीशी तडजोड करणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून आपण पद्धतीचा आग्रह धरू नये. त्याऐवजी सर्जनना सरळ विचारावे, की माझ्यासारख्या पेशंटमध्ये आपण नेहमी कोणत्या पद्धतीने करता आणि तीच का. ज्याच्या महाधमनीत चुना साठला आहे, किंवा ज्याची मूत्रपिंडे आधीच कमजोर आहेत, त्याच्यासाठी यंत्र टाळण्याचा विशेष फायदा असू शकतो. आपल्याला असे काही नसेल, तर ज्या हातांना जी पद्धत सरावाची आहे, ती त्यांना करू द्यावी. दरम्यान, आपण पत्रात तंबाखूचा उल्लेख ओझरता केला आहे. ती आजच सोडा, कारण फुप्फुसांचा आणि जखमेचा त्रास कमी करण्याचा जो मार्ग पूर्णपणे आपल्या हातात आहे, तो हाच आहे.

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी आहे. दाह एवढा त्रास देतो, तर सगळ्या पेशंटना शस्त्रक्रियेच्या वेळीच स्टिरॉइडचा मोठा डोस देऊन तो दाबून का टाकत नाहीत? (म्हसरूळ)

उत्तर : प्रश्न फार चांगला आहे आणि तो अनेक वर्षे आम्हीही विचारत होतो. माझ्या उमेदीच्या काळात कित्येक ठिकाणी मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सर्रास दिले जाई, मीही दिले आहे, आणि ते दिल्यावर रक्तातील आकडे खरोखर सुधारलेले दिसत. नेदरलँड्समधील डेक्स चाचणीत ४,४९४ पेशंटपैकी निम्म्यांना किलोमागे एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे दुसरे स्टिरॉइड दिले गेले. २०१२ च्या त्या निष्कर्षात मृत्यू, हृदयाचा झटका, पक्षाघात, मूत्रपिंड किंवा श्वसन निकामी होणे या मुख्य गोष्टी एकत्र पाहता ठोस फरक दिसला नाही, जरी श्वसनयंत्रावरचा काळ व संसर्ग थोडे कमी झाले. पुढे १८ देशांतील ७,५०७ पेशंटवर झालेल्या सर्स चाचणीचा निष्कर्ष २०१५ मध्ये आला. त्यात मिथाइलप्रेडनिसोलोनने जीव वाचल्याचे दिसले नाही, आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे प्रमाण मात्र स्टिरॉइड घेतलेल्यांत अधिक आढळले. तेव्हापासून मोठ्यांच्या बायपासमध्ये ते सरसकट देण्याला आधार राहिला नाही.

याचा अर्थ असा, की दाह हा निव्वळ शत्रू नाही. ज्या पांढऱ्या पेशी फुप्फुसाला त्रास देतात, त्याच जखमेतला मेलेला भाग साफ करतात आणि हाड सांधण्याची सुरुवात करून देतात. एक द्रव्य दाबले तरी त्याच्या शेजारच्या चार वाटा उघड्या असतात, हा भागही आहेच. कॉम्प्लिमेंटचा एखादा दुवा रोखणारी औषधेही करून पाहिली गेली, पण ती रोजच्या वापरात आली नाहीत. रक्तस्राव आणि दाह दोन्ही कमी करणारे म्हणून अॅप्रोटिनिन आम्ही मोठ्या विश्वासाने वापरत होतो. कॅनडातील बार्ट चाचणीत ते घेतलेल्यांत मृत्यू अधिक दिसू लागले आणि २००७ मध्ये त्याची जगभरातली विक्री थांबली. त्या बातमीच्या दिवशी मी माझ्या जुन्या नोंदवह्या काढून बसलो होतो. फार्मसीच्या विद्यार्थ्यांनी हा इतिहास मुळातून वाचावा, कारण रक्तातला आकडा सुधारणे आणि माणूस सुधारणे या दोन गोष्टींतले अंतर इतके स्पष्ट दाखवणारी उदाहरणे थोडी आहेत.

मग करतात काय? यंत्राची नळी छोटी ठेवतात, म्हणजे द्रव कमी लागतो. छातीतून शोषलेले रक्त धुऊन घेऊन मगच परत देतात. रक्तातील साखर १८० च्या खाली ठेवतात. दुसऱ्याचे रक्त गरज असेल तरच चढवतात, कारण परके रक्त शरीराच्या प्रतिकारशक्तीला आणखी गोंधळात टाकते. यांतले एकही काम चमत्काराचे नाही. एकत्र केली, की फरक पडतो.

प्रश्न : आमच्या नानांची बायपास होऊन तीन आठवडे झाले. त्यांना २० वर्षांपासून मधुमेह आहे. चार दिवसांपासून थंडी वाजून ताप येतो, छातीच्या जखमेच्या खालच्या टोकातून पिवळट पाणी येते आणि खोकताना हाड ‘कट’ असे वाजते, असे ते म्हणतात. गावातले जाणकार सांगतात, मोठ्या ऑपरेशनचा ताप महिनाभर असतोच, हळद भरा. द्राक्षांची काढणी सुरू असल्याने शहरात येणे लांबत आहे. काय करावे? (निफाड तालुका)

उत्तर : हे पत्र हाती पडले त्याच दिवशी मी त्यावरील क्रमांकावर फोन करून नानांना तात्काळ शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात न्यायला सांगितले. ते गेले, जखम उघडून धुवावी लागली आणि शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली. आता ते सावरत आहेत. असे पत्र दुसऱ्या घरातही लिहिले जात असेल, या भीतीने ते त्यांच्या परवानगीने येथे छापत आहे.

पहिल्या उत्तरातले वेळापत्रक इथे लागू पडत नाही. यंत्राच्या दाहाचा ताप तिसऱ्या आठवड्यात थंडी वाजून येत नाही. जखमेतून पाणी, थंडीताप आणि हाड वाजणे या तीन गोष्टी एकत्र आल्या, तर छातीच्या हाडाचा किंवा त्यामागच्या पोकळीचा जंतुसंसर्ग आहे असेच समजून चालावे लागते, आणि तो जिवावर बेतू शकतो. यांतली एक गोष्ट असली तरी त्याच दिवशी दाखवावे.

ज्या शरीराने पहिल्या दिवशी एवढे वादळ उठवले, ते जंतूंपुढे का हरते, असे कोणालाही वाटेल. कारण त्या वादळापाठोपाठ ओहोटी येते. दाह आवरण्यासाठी शरीर स्वतःच इंटरल्यूकिन १० सारखी शामक द्रव्ये सोडते, लिम्फोसाइट पेशींची संख्या घटते, आणि जंतूंचे तुकडे इतर पेशींना दाखवून सावध करणाऱ्या मोनोसाइट पेशी काही दिवस आपले काम अर्धवट करतात. पहिल्या आठवड्यातल्या या ओहोटीत जे जंतू जखमेत शिरतात, ते दोन-तीन आठवड्यांनी तोंड वर काढतात. मधुमेहात साखर चढलेली असेल, तर पांढऱ्या पेशी जंतू गिळण्यातही कमी पडतात. शिवाय छातीच्या आतली धमनी बायपाससाठी काढून घेतल्यावर त्या बाजूच्या हाडाचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो. अशा जखमेत हळद भरणे म्हणजे आतला पू बाहेर येण्याची वाट बंद करणे होय. हळद स्वयंपाकघरात राहू द्यावी.

आणि काढणीविषयी. मी निफाडच्या बाजूचा नसलो, तरी घड तयार झाल्यावर चार दिवसांचा उशीर म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. तरीही ज्या घरात बायपास झाली आहे, तिथे पहिले सहा आठवडे एका माणसाकडे हेच काम असावे: रोज संध्याकाळी ताप मोजून वहीत लिहिणे आणि अंघोळीनंतर जखम उजेडात पाहणे. नानांच्या घरी अशी वही असती, तर चार दिवस गेले नसते.

प्रश्न : मी मुद्रणालयातून निवृत्त झालो आहे. बायपासनंतर पाचव्या आठवड्यात बारीक ताप, खोल श्वास घेताना छातीत कळ आणि आडवे झाल्यावर जास्त दुखणे सुरू झाले. जखम कोरडी आहे. ईएसआर (दाह दाखवणारी रक्ताची तपासणी) ९० आला. एका ठिकाणी टीबीची औषधे सुरू करू असे सांगितले. मला टीबी झाला असेल का? (नाशिक रोड)

उत्तर : तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण आपले वर्णन एका वेगळ्याच आजाराशी जुळते. हृदयाचे आवरण शस्त्रक्रियेत उघडावे लागते. त्यातून हृदयाच्या पेशींचे जे अंश बाहेर पडतात, त्यांना काही जणांची प्रतिकारशक्ती परके समजते, त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते, आणि एक ते सहा आठवड्यांनी हृदयाच्या व फुप्फुसाच्या आवरणाला सूज येते. श्वासाबरोबर कळ, पुढे वाकून बसल्यावर बरे वाटणे, बारीक ताप, वाढलेला ईएसआर ही त्याची लक्षणे. पहिल्या तीन दिवसांचा दाह रक्तातल्या प्रथिनांनी तासाभरात सुरू केलेला असतो. हा मात्र प्रतिकारशक्तीने ओळख पटवून, वेळ घेऊन केलेला हल्ला असतो, आणि म्हणून तो आठवड्यांनी येतो.

टू-डी एको आणि छातीचा एक्स-रे लगेच करून घ्या, कारण आवरणात पाणी जास्त साठले तर ते हृदयाला दाबू लागते. धाप, चक्कर किंवा रक्तदाब उतरणे जाणवले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. निदान पक्के झाले, तर दाहशामक औषधे आणि कोल्चिसिन यांनी बहुतेक पेशंट बरे होतात. इटलीत ३६० पेशंटवर झालेल्या कॉप्स चाचणीत शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवसापासून महिनाभर कोल्चिसिन दिल्यावर हा आजार होण्याचे प्रमाण २१.१ टक्क्यांवरून ८.९ टक्क्यांवर आले होते. पण ही औषधे मेडिकलच्या दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत. आपण अॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल घेत असणार. त्यावर दुखण्याच्या गोळ्या वाढवल्या, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडांवरही ताण येतो.

आपल्या देशात टीबीचा विचार मनात येणे अयोग्य नाही. तथापि नुसत्या ईएसआरवरून सहा महिन्यांची औषधे सुरू करणे मला मान्य नाही. फुप्फुसाभोवती पाणी असेल, तर ते काढून तपासावे. तिथे पुरावा सापडला, तर औषधे अवश्य घ्यावीत.

प्रश्न : बायपासनंतर प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी आईला रोज गुळवेलीचा काढा आणि हळदीच्या कॅप्सूल दिल्या तर चालतील का? (सिडको)

उत्तर : देऊ नका. हळद घातलेले दूध किंवा भाजी हा आहार आहे, त्याला माझी हरकत नाही. कॅप्सूलमधील घट्ट केलेला अर्क मात्र रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्रावाची शक्यता वाढवू शकतो. गुळवेलीच्या नियमित सेवनानंतर यकृताला सूज आलेले पेशंट मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, आणि आपल्या आईंना कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल, तर यकृताचे अहवाल बिघडल्यावर दोष कशाचा, हेच कळेनासे होईल. मुळात या काळात प्रतिकारशक्ती ‘वाढवायची’ नसते, तिला पूर्वपदावर यायला मदत करायची असते. त्यासाठी पोटभर प्रथिने, म्हणजे डाळ, उसळ, दूध, खात असतील तर अंडी, साखरेवर ताबा, आणि रात्रीची झोप. फ्लूची लस कधी द्यायची, ते पुढच्या तपासणीच्या वेळी विचारून घ्या. किडके दात राहिले असतील, तर ते केव्हा काढायचे, हेही त्याच वेळी विचारा.